तिसरी निविदा

“सर, माझ्या नावापुढं लाल काहून दिसून राहिलं?”

निकालाचं पान उघडून आम्ही दोघं माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. लाल अक्षरांत ‘अपात्र’ लिहिलं होतं, आणि खाली कारण, संस्था काळ्या यादीत. मला आधी रागच आला. संगीताताईंचा एकूण एक कागद मी स्वतः तपासला होता. वाटलं, कॉलेजच्या क्लार्कनं घोळ घातला.

लहान धंदेवाल्यांना, त्यातही बायकांना आणि आमच्या बौद्ध समाजातल्या नव्या उद्योजकांना, सरकारी कॉलेजांची टेंडरं भरायला मदत करणं हे माझं काम. संगीताताई अड्याळच्या. घरामागच्या शेडमध्ये चार-पाच बायका घेऊन भंडाऱ्याच्या एका कापडवाल्या शेठचं काम करायच्या. तो कापड कापून द्यायचा, या शिवायच्या. एका तंत्रनिकेतनाला वर्कशॉपसाठी एप्रन हवे होते. या वेळी ताईंनी स्वतःच्या नावानं भरायचं ठरवलं. शेठच्या कानावर गेलं आणि त्यानं काम देणं बंद केलं. म्हणजे हे टेंडर हातचं गेलं तर शेडला कुलूप.

आम्ही कॉलेजात गेलो. स्टोअर सांभाळणारे प्राध्यापक भले होते. त्यांनी चहा मागवला, मग सांगितलं. मागे दुसऱ्या एका कॉलेजनं या संस्थेला पडद्यांची ऑर्डर दिली होती. माल आलाच नाही. स्मरणपत्रांना उत्तर नाही. म्हणून बंदी.

“मी तं जिंदगीत पहिल्यांदा टेंडर भरलं सर,” ताई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. खाली ताईंचीच डिजिटल सही होती.

ही सही म्हणजे पेन ड्राइव्हएवढं डोंगल. ते कॉम्प्युटरला लावलं, पासवर्ड टाकला की झाली सही. मग हात कुणाचाही असो. मी ताईंना विचारलं, तुमचं डोंगल आधी कुणाकडं असायचं? शेठकडं, त्या म्हणाल्या. काढून त्यानंच दिलं होतं. आता मागितलं तेव्हा हसत परत केलं. पडद्यांचं टेंडर वेगळ्या पोर्टलवर होतं, त्यामुळे मला ते दिसलं नव्हतं.

मग सगळं उलगडलं. अशा टेंडरला पहिल्या खेपेस निदान तीन निविदा लागतात, नाहीतर पुन्हा मागवावं लागतं. म्हणून शेठ भरायचा एक आपली, एक साळ्याची आणि तिसरी आपल्या उपकारातल्या कुणाची तरी, मुद्दाम चढ्या दराची. आमच्याकडे याला कुणी लबाडी म्हणत नाही. ‘साथ देणं’ म्हणतात.

“त्यानं मले पहिली मशीन देल्ली होती,” ताई म्हणाल्या. “म्हणे, फक्त तुझं नाव पाहिजे. नाही कसं म्हणू?”

पडद्यांच्या वेळी शेठची आणि त्याच्या साळ्याची, दोन्ही निविदा कागदात अडकून बाद झाल्या. उरली तिसरी. ठेका तिलाच गेला. शेठ ताईंच्या नावानं माल पुरवू शकला असता. पण मग बिल ताईंच्या खात्यात जमा झालं असतं आणि अनुभवाचा दाखला ताईंच्या नावानं निघाला असता. टेंडरच्या धंद्यात तो दाखला म्हणजे पाय. तो मिळाला की माणूस शेठशिवाय चालायला लागतो. कॉलेजची पत्रं ज्या ईमेलवर जायची, तोही शेठच्याच दुकानात उघडायचा. त्यानं ती वाचली आणि गप्प बसला.

मी तक्रारीचं बोललो. प्राध्यापकांनी नकारार्थी मान हलवली. डोंगल स्वतःच्या हातानं दिलं, तर जबाबदारी जिचं नाव तिची. आणि नाव वापरायला दिलं असं लिहून द्यायचं, तर खोट्या स्पर्धेत सामील होते अशी कबुलीच की ती. दोन्हीकडून फास. मी त्या प्राध्यापकांशी उगाच आवाज चढवून बोललो. त्यांचा काय दोष होता?

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे सर, तो ठेका मलेच लागला होता?”

“हो,” मी म्हणालो.

“अन् मी तवा त्याच्याच उश्या शिवून राहिली होती.”

 

एप्रनचा ठेका शेठच्या साळ्याला मिळाला. दोन बायका तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला गेल्या. मग एक दिवस शेठचा टेम्पो अड्याळला आला, कापलेल्या एप्रनचे गठ्ठे घेऊन. शिलाई पहिल्यापेक्षा कमी सांगितली. ताईंनी गठ्ठे उतरवून घेतले.

आता नवा माणूस आला की कागद बघायच्या आधी मी विचारतो, डोंगल कुणाकडं आहे. बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या शेठचं नाव घेतात, आणि मोठ्या आपुलकीनं घेतात.