तीन अक्षरांची कॉट

रविवारी जेवणं झाली की आमच्या नवीन जालन्यातल्या घरात इंग्रजी सुरू व्हायचं. माझे सासरे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. कुठल्याशा शिबिरात त्यांनी शब्द जुळवायचा एक खेळ पाहिला आणि घरी येऊन तसाच तयार केला. माझे यजमान बियाण्यांच्या कंपनीत होते. त्यांनी आणलेल्या रिकाम्या खोक्यांचे चौकोन कापून त्यांवर निळ्या शाईने अक्षरं लिहिली होती, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट आखला होता. प्रत्येकाला सात अक्षरं मिळायची. पटावरच्या एखाद्या शब्दाला धरून आपला नवा शब्द लावायचा.

इथवर ठीक होतं. पण मास्तरांनी त्यात मास्तरकी घुसवली नाही तर ते मास्तर कसले! शब्द लावला की तो इंग्रजीत कुठून आला, ते तोंडी सांगायचं. बरोबर आलं तर गुण दुप्पट, चुकलं तर त्या डावाचे गुण गेले. निवाड्याला खाकी कव्हर घातलेला जाडजूड शब्दकोश होता. आम्हाला कुठलं काय ठाऊक! मी, माझी कॉलेजात जाणारी नणंद आणि यजमान, तिघंही डोळे झाकून 'लॅटिन' म्हणायचो. बऱ्याचदा जमूनही जायचं.

मी खरं तर बी.ए. झालेली, तेही इंग्रजी घेऊन. पण शिकले आष्टीच्या मराठी शाळेत. परीक्षेत पानंच्या पानं भरायचे, तोंडातून मात्र एक वाक्य निघायचं नाही. आधी मनात जुळवायचं, काळ तपासायचा, पुन्हा जुळवायचं; तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. चुकले तर लोक हसतील, याची मला भयंकर धास्ती होती. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा घराजवळ एक इंग्रजी शाळा निघाली. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं, सोमवारी अकरा वाजता. ती नोकरी मला मनापासून हवी होती. तरी शनिवारी मी घरात सांगून टाकलं, "मला न्हाई जायचं."

"वैनी, येड्या झाल्या का?" नणंद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा पट मांडला. सासऱ्यांचा भलामोठा शब्द मधोमध पसरला होता आणि माझ्या हातात सगळी भिकार अक्षरं. त्यांच्या शब्दातल्या टीच्या आधी मी सी आणि ओ लावले. कॉट.

नणंद खुदकन हसली. "तीनच अक्षरं? बरं, आली कुठून?"

सवयीने मी लॅटिन म्हणणारच होते. पण समोर सासूबाई खाटेवर आडव्या झाल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, ही आपली खाटच असल."

"मंग टेबल बी तुझ्या आष्टीचं का?" यजमान म्हणाले आणि सगळे खो-खो हसले. सासऱ्यांनी हसत हसतच शब्दकोश उघडला, आणि त्यांचं हसू थांबलं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी पुन्हा वाचलं.

"हिंदी," ते म्हणाले. "खाट. तिथून इंग्रजांनी उचलली. मूळ संस्कृत, खट्वा." मग चष्मा काढून म्हणाले, "तीस वर्षं पोरायला कॉट म्हंजे खाट शिकवलं, आन् हे पान कधी उघडलं न्हाई."

आरडाओरड्याने सासूबाई उठून बसल्या. "काय झालं वं? येवढं कशाला हासून राह्यले?"

"आई, तुझी खाट इंग्रजांनी नेली," नणंद म्हणाली.

"नेली तर नेली, दोऱ्या तरी आवळून द्यायच्या. लई ढिल्ल्या झाल्यात."

मला तर चढलीच. पुढच्या डावात मी एम, ए, टी लावले आणि ठणकावून सांगितलं, "मॅट! मातीवर अंथरतात म्हणून मॅट. हा बी आपलाच शब्द!"

कोश उघडला. लॅटिन निघाला. इतकी वर्षं उठसूट लॅटिन म्हणणारी मी, आणि नेमकं तेव्हाच ते सोडलं. गुण गेले, घर हसून लोटपोट झालं, आणि मीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. हसता हसताच ध्यानात आलं, की मी चारचौघांत, छाती ठोकून चुकले होते. लोक हसलेही होते. आणि मला इतकी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती.

पट आवरताना सासऱ्यांनी सहज विचारलं, "व्हॉट टाइम टुमॉरो?"

"इलेव्हन," मी काही न जुळवता बोलून गेले. "यू कम विथ मी?"

त्यांच्यातला मास्तर ओठांपर्यंत आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला. "यस," एवढंच म्हणाले.

सोमवारी मुलाखतीत पहिल्याच वाक्यात माझा काळ चुकला. समोरच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. मला हसू आलं. तेच वाक्य नीट करून मी पुढे बोलले, मग आणखी पुढे, आष्टीची शाळा, वर्गातली पोरं, मी कसं शिकवीन, सगळं. शेवटी बाईंनाच हात वर करून मला थांबवावं लागलं.