धोतरात बांधलेल्या वह्या

नगरच्या एका कॉलेजात आमची एक खोली आहे. बाहेर पाटी, ग्रामीण इतिहास संग्रह. आत कपाटं, एक स्कॅनर आणि मी. गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या घरातले जुने कागद गोळा करायचे, हे माझं काम. पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांच्या वह्या, बैलांचे दाखले, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टिपलेल्या पेरण्या. लोक आधी हसतात. "बाई, ही रद्दी न्हिऊन काय लोनचं घालनार का?" मग मी माझं ठरलेलं भाषण देते, की जमीन कुणाची ते तलाठ्याच्या दप्तरात सापडतं, पण त्या जमिनीत माणूस काय करत होता ते तुमच्याच वहीत सापडतं. इतक्यांदा बोललेय की आता जीभ आपोआप चालते.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, काष्टीच्या अलीकडे आमच्या वस्तीवर राहायचे. त्यांनीही अशा वह्या लिहिल्या होत्या. पाऊस कधी झाला, कांद्याचं रोप कधी टाकलं, उसाला पाणी कधी दिलं, गाय कधी व्याली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणाला एखादी जुनी गोष्ट कोणत्या साली घडली ते आठवेना झालं, की तो तात्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा.

त्या वह्या मला संग्रहासाठी हव्या होत्या. दरवेळी मागायचे आणि दरवेळी ते मला पिटाळायचे. "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, आसली नोकरी तुझी. आता बापाचं बी बघायचंय व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणायचे, "मी हाय तवर माझ्यापाशी राहू दे. मी गेल्यावर ने. तुझ्याच हायेत त्या." मी हो म्हटलं होतं. बाकी कुणाला हे सांगायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही.

मागच्या दिवाळीला गेले तर वह्या खताच्या रिकाम्या गोणीत कोंबलेल्या. माझं डोकंच फिरलं. "अहो तात्या, प्लास्टिकमध्ये कागदाला घाम फुटतो! बुरशी येईल. सुती कापडात बांधा, जुनं, भरपूर धुतलेलं."

"मंग माझं धोतार हाय की. माझ्यावानीच इरलंय."

धाकटा भाऊ ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला होता. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी एकेक वही ब्रशने पुसली, कसर लागलीय का ते पाहिलं, वह्या मोजल्या. मग धोतरात घालून दुहेरी गाठ मारली आणि गाठोडं त्यांच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलं. मोबाईलवर फोटोही काढला. सुट्टीनंतर आमच्या सरांना दाखवून म्हटलं, कागद बांधावेत तर असे. फार खूश होते मी स्वतःवर.

तात्या थंडीत गेले. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले आणि बसल्या जागी गेले.

आमच्याकडे मयताचे कपडे घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं राख सावडायला जातात तेव्हा कपडे, अंथरूण बरोबर नेतात आणि तिथंच जाळतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी मी आईजवळ बायकांमध्ये बसले होते. समोरच्या दारातून भाऊ आणि चुलते गाठोडी घेऊन गेले. भावाच्या खांद्यावर पांढरं गाठोडं होतं, आणि ते जड आहे हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. मी पाहिलं. ते परत आल्यावर एवढ्या माणसांचा चहा कोण टाकणार, हा विचार माझ्या डोक्यात चालला होता.

दहाव्यानंतर मी पेटी उघडली. आत चष्म्याचं घर आणि डांबरगोळ्या. भावाला विचारलं.

"कपडे नेलं की समदं."

"पांढरं गाठोडं?"

"ते बी. जड लागलं मला, आक्का. सोडून बघनार हुतो. पर चुलते म्हनले, मयताच्या कापडाची गाठ सोडायची नसती." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का गं? काय हुतं त्यात?"

मी सांगितलं. "आरं देवा! माझ्या हातानं..." म्हणत तो कपाळ बडवून घ्यायला लागला. मी त्याचे हात धरले आणि म्हटलं, "तुझी चूक नाही. त्या धोतरात मीच बांधल्या होत्या." एसटी किती वाजता आहे ते सांगावं, त्या आवाजात सांगितलं. तो ढसाढसा रडला. मला रडू आलं नाही. रागही आला नाही, ना त्याचा, ना चुलत्यांचा, ना माझा.

कामावर परत आले. सर म्हणाले, निदान फोटो तरी आहे. फोटोत एक पांढरं गाठोडं आहे, बस्स. मी कागद पुसत होते, नंबर घालत होते, घरी जाऊन भाकरी थापत होते. दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं सगळं. गावांमध्ये आता मी लोकांना सांगते, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ते मान डोलावतात. का, ते कुणी विचारत नाही.

उन्हाळ्यात भाऊ नगरला आला. थेट माझ्या खोलीतच. पिशवीतून कोरी, जाड वही काढली. पहिल्या पानावर त्याने तात्यांचं नाव घातलं होतं, जाडजूड अक्षरात.

"आक्का, मी लई इचार केला. वह्या गेल्या त्या गेल्या. पर तुझ्या डोस्क्यात हायेत ना? तू आठवंल तसं सांग, मी लिवतो." आणि पेन उघडून बसला.

मी म्हटलं, "मला नाही रे माहीत."

"समदं नको. येखादं पान."

दिवाळीच्या त्या दुपारी तात्यांनी चष्मा लावून एक वही उघडली होती. "वाचून दावू का?" म्हणाले होते. मी म्हटलं होतं, आधी बांधून होऊ द्या. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली, आणि मी तिच्यावरची धूळ झटकली. माणसाने स्वतःच्या बापाला असं म्हणावं? लाज वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

"येक बी पान न्हाई वाचलं तू?"

"नाही."

त्याने पेनाला टोपण लावलं.

"मी बी न्हाई कदी उगडलं," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू वाचत आसशील."