सरांची नाणी पाकिटांतून काढली तेव्हा

सरांची आणि माझी ओळख झाली ती मी एका नाण्यावर अंगठा टेकवल्यामुळे. नगरला एका मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एका टेबलावर शिवराया, म्हणजे शिवकाळापासून चालत आलेली तांब्याची नाणी, मांडल्या होत्या. त्यांतली एक मी उचलली, तळहातावर घेतली आणि सवयीने अंगठ्याने चोळली. मागून आवाज आला, "ताई, अंगठा काढा त्याच्यावरून."

वळून पाहिलं तर खादीच्या शर्टातले एक उंच गृहस्थ उभे होते.

"नाणं कडेनं धरतात," ते म्हणाले. "पोटावर बोट टेकवलं की घाम उतरतो. आज काही दिसत नाही, पण तांबं तो ठसा पुढे कधीतरी दाखवतंच."

त्यांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, माझ्या हातातली शिवराई कडेनं उचलली आणि जागेवर ठेवली. ते नेवाशाच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत होते, निवृत्तीला आले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे हे कळल्यावर ते मला बाई म्हणायला लागले. मी त्यांना सर म्हणत आले.

माझं माहेर तिसगावजवळ. आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी तांब्याची चार-दोन नाणी असायची, कुणाला तरी नांगरताना सापडलेली. सणावाराला आई ती देवांबरोबर चिंचेनं घासायची. मोठी झाल्यावर मला थोडंफार कळायला लागलं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं की घासू नकोस, अक्षरं जातात. ती म्हणाली, "देवाजवळचं हाय ते. काळं ठेवत्यात व्हय?" त्या नाण्यांवर अक्षरं जवळजवळ उरली नव्हती, पण हाताला ती फार गुळगुळीत लागायची. नाणी जमवायचा नाद मला तिथूनच लागला असावा. त्यामुळे नाणं म्हणजे हातात घ्यायची वस्तू, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. माझी नाणी मी एका स्टीलच्या डब्यात जुन्या लुगड्याच्या कापडावर ठेवायचे. पेपर तपासताना एखादं काढून बोटांत फिरवत बसायचे.

पुढे माझी बदली नेवासा तालुक्यात झाली आणि रविवारी सरांकडे जाणं सुरू झालं. त्यांचा संग्रह एका लोखंडी कपाटात होता. प्रत्येक नाणं होल्डरमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याची चौकोनी घडी, मधे पारदर्शक खिडकी, कडेला स्टेपलच्या पिना. खिडकीखाली सरांच्या सुबक अक्षरात नाण्याची माहिती. असे होल्डर अल्बमच्या पानांत ओळीनं लावलेले. सर पान उलटायचे आणि मी बघायचे. हात मांडीवर ठेवायचा, असा अलिखित नियम होता.

"इतकं जपून करायचं काय?" मी एकदा विचारलं. "बाजारात इतकी वर्षं हातोहात फिरलेली नाणी आहेत ही. झिजायची ती तेव्हाच झिजली."

"म्हणूनच आता थांबवायचं," सर म्हणाले. "आपण राखणदार आहोत, बाई. पुढच्याला द्यायची आहेत."

सरांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या घरात होल्डरशिवाय राहतो ते आम्ही दोघंच."

आमचा हा वाद कधी मिटला नाही, आणि त्यानं काही बिघडलंही नाही.

मग सरांना दिसेनासं व्हायला लागलं. आधी त्यांना वाटलं, खोलीतला दिवा मंद झालाय. त्यांनी दिवा बदलला. नंतर ते ओट्याची पायरी चुकून पडले, तेव्हा काकूंनी त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची, एवढंच डॉक्टर म्हणाले. थेंब झाले, ऑपरेशन झालं, तरी नजर टिकली नाही. शेवटी त्यांना उजेड आणि सावली एवढाच फरक कळू लागला.

कपाट बंद राहिलं. मी जायचे, आम्ही बदल्यांबद्दल बोलायचो, उसाबद्दल, नदीला आलेल्या पाण्याबद्दल. नाण्यांचा विषय तेही काढत नसत आणि मीही नाही. एकदा निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दुपारी मी आडवी झाले की कपाट उघडतात. अल्बमच्या पानावरून हात फिरवतात आणि परत ठेवतात. म्हणाले, सगळी पानं सारखीच लागतात."

मी बरं म्हटलं आणि निघाले.

त्यानंतर एका रविवारी सरांनीच विषय काढला. "बाई, घाई नसेल तर थोडं काम आहे. होल्डर उघडायचेत."

"कुठले?"

"सगळे नको. तांब्याचे."

मी कात्रीच्या टोकानं पिना उचकटायला लागले. पहिलं नाणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कडेनंच धरलं, दोन बोटांत, पूर्वीसारखं. तसं धरून त्यांना काहीच कळेना. मग त्यांनी नाणं तळहातावर घेतलं आणि त्याच्या पोटावर अंगठा फिरवला.

"शिवराई."

"हो."

दुसरं कंपनी सरकारचं होतं, यंत्रावर पाडलेलं. ते त्यांनी कडेवरूनच ओळखलं. तिसरं चुकलं. जाड शिवराईला ते निजामशाही म्हणाले. मी सांगितल्यावर त्यांनी ती पुन्हा हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली. बरीच चुकत होती. चुकलं की ते "हं" म्हणायचे आणि पुढचं मागायचे. अक्षरं त्यांना लागत नव्हती. जाडी, कड आणि वजन एवढंच लागत होतं.

मग ते म्हणाले, "आता सगळ्यात खालचा अल्बम काढा."

तो त्यांचा पहिला अल्बम होता, नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला. त्यात पुठ्ठ्याचे होल्डर नव्हते, मऊ प्लॅस्टिकची पाकिटं होती. तेव्हा सगळे तीच वापरायचे. ही पाकिटं नाण्यांना वाईट, हे सरांना नंतर कळलं होतं. ती बदलायची म्हणत होते, तेवढ्यात डोळ्यांचं सुरू झालं. मी एका पाकिटातून नाणं ओढलं. ते सहज निघेना. सरांच्या हातात दिलं, तसं त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं.

"हे चिकट काय आहे?"

मी नाणं उजेडात धरलं. त्यावर हिरवट, तेलकट थर चढला होता. तेल लागलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी पुढचंही मागितलं असतं, त्याच्या पुढचंही.

"हिरवा थर आहे, सर. प्लॅस्टिक पाझरलंय."

"किती नाण्यांवर?"

"या पानावर सगळ्याच."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच परत आत गेल्या.

"हिरवी झाक मला दिसायची," सर म्हणाले. "डोळे चांगले होते तेव्हाही दिसायची. पाकिटाचाच रंग असेल असं समजत होतो. वरून बघायचो ना. बाहेर कधी काढलंच नाही."

पुढच्या रविवारी मी ॲसिटोन घेऊन गेले. ओळखीच्या एका विज्ञान शिक्षकांनी बाटली मिळवून दिली होती. वास फार येतो म्हणून आम्ही ओसरीत बसलो. मी काचेच्या वाटीत एकेक नाणं बुडवायचे, थर सुटला की चिमट्यानं काढायचे. सर ते सुती फडक्यावर टिपून वाळत ठेवायचे. चांदीची नाणी स्वच्छ निघाली. तांब्याची काही निघाली, काहींना खड्डे पडले होते. सर त्या खड्ड्यांवरून नख फिरवून बघायचे.

"हे जाणार नाहीत का?"

"नाही, सर. हे राहतील."

सगळ्यात जास्त खाल्लं गेलं होतं ते एक निजामशाही नाणं. नोकरी लागल्यावर नगरच्या एका तांबटाच्या मोडीतून त्यांनी ते निवडलं होतं. एका बाजूची अक्षरं पार गेली होती. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी ते फडक्यावर ठेवलं नाही, शर्टाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "पुढचं द्या."

सगळं झाल्यावर त्यांनी वाटणी केली. चांदीची नाणी नव्या, कडक होल्डरमध्ये जायची. ती मुलीसाठी, तिला कुणी हात लावायचा नाही. मुलगी पुण्यात असते, तिला नाण्यांची आवड नाही, पण सरांचं म्हणणं असं की आवड नसलेली माणसं वस्तू चांगल्या सांभाळतात. तांब्याची बाहेर राहायची. त्या नाण्यांसाठी काकूंनी आपला जुना मिसळणाचा डबा घासून दिला, आत फडकं घालून. एका वाटीत शिवराया, एकीत निजामशाही, एकीत कंपनीची. सर पुष्कळ दिवस तक्रार करत होते की त्यांच्या बोटांना जिऱ्याचा वास येतो.

संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधे कुणीतरी विचारलं, नाणी उघड्या हातांनी हाताळावीत की होल्डरमध्ये ठेवावीत? उत्तरांची रांग लागली. मी ती सरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "माझ्या वतीनं लिहा. मऊ प्लॅस्टिक वापरू नका. आणि काय ठेवलंय ते अधूनमधून बाहेर काढून बघा." मी तसं लिहिलं. लोकांनी नमस्काराचे हात पाठवले आणि वाद पुढे चालू ठेवला.

गेल्या रविवारी गेले तेव्हा सर ओसरीत डबा घेऊन बसले होते. एका शिवराईवरून त्यांचं बोट फिरत होतं. तिच्या कडेला एक चीर आहे. ते काकूंना म्हणाले, "ही खर्ड्याच्या बाजारातली. आपण किल्ला बघायला गेलो होतो तेव्हाची. तू सोबत होतीस."

"मी नव्हते," काकू म्हणाल्या. "माझी आई आजारी होती तेव्हा. तुम्ही तुमच्या मास्तर लोकांबरोबर गेला होता."

"मग ऊन लागून कोण बसलं होतं दरवाजाच्या सावलीला?"

"ते इथलं नेवाशातलं, देवळाच्या दरवाजातलं. खर्ड्यातलं नाही."

मी चहा संपवून निघाले, तरी ते चालूच होतं.