यामादाबाईंचा वाडगा

मी जपानला गेले आणि गुडघे दुखणाऱ्या एका म्हातारीची पळापळ करवून परत आले. बाकी सगळं छान झालं.

नंदा माझी सोनईतली बालमैत्रीण. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. पुढं ती शिकली, मी गाई सांभाळल्या. ती नवऱ्याबरोबर जपानला गेली, मी गेले ती फार तर घोडेगावच्या बाजारापर्यंत! "मरायच्या आत एकदा ये गं," असं ती फोनवर म्हणायची. (कुणाच्या, ते सांगायची नाही.) शेवटी तिनं तिकीटच काढून पाठवलं. निघताना आमचे हे म्हणाले, "जा. पन तिथं जरा गप बस." आता ह्यांचं मी कधी ऐकलंय?

पहिल्या दिवशी नंदाच्या हातचं जेवले आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं नव्हे, तिखट नव्हतंच म्हणून! उकडलेली भाजी, पांढरा भात आणि खिडक्या गच्च बंद.

"आजारी हायेस का गं?" मी विचारलं.

"हळू बोल!" ती कुजबुजली. "मागचं घर फोडणीच्या वासापायी सोडावं लागलं. शेजारच्यांनी तक्रार केली होती. आता ह्या शेजारच्या यामादाबाईंनी केली, तर हेही घर जाईल."

मला लई वाईट वाटलं. वर्गात सगळ्यांत मोठ्यानं पाढे म्हणणारी ही पोरगी, आणि स्वतःच्या घरात चोरासारखी चवड्यांवर चालत होती. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली, तेव्हा मी ठरवलं, हिला येसर आमटी खाऊ घालायचीच. (धान्य नि मसाले भाजून दळलं की येसर होतं. साड्या काढून ते मी बॅगेत भरलं होतं.) वास आत कोंडायला नको म्हणून शहाणपणानं खिडकी उघडली. तेल तापलं, लसूण टाकला, वर मिरची टाकली, आणि पलीकडच्या गॅलरीतून खोकला आला. मग आणखी खोकला. मग खिडकी धाडकन बंद!

नंदाला जिन्यातच वास लागला. "काय केलंस गं भवाने!" म्हणत ती दारातच मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"रडू नको. भांडण व्हायच्या आत कालवण पोचलं पायजे," मी म्हटलं. डब्यात आमटी भरली, वर बाजरीची भाकरी ठेवली आणि शेजारचं दार वाजवलं.

यामादाबाई सत्तरीच्या, बारीक, नीटनेटक्या. मला बघून त्या वाकल्या. मीही वाकले. त्या आणखी वाकल्या. सोनईची बाई हरते होय? मी आणखी वाकले! शेवटी माझ्या कमरेत उसण भरली, तेव्हा कुठं आमचा तह झाला.

सकाळी डबा परत आला, घासून लख्ख. सोबत कापडात गुंडाळलेली एक लाकडी पेटी. आत तांदळाच्या पिठीचे मऊ गोळे, आणि त्यांच्या पोटात शिजवून गोड केलेलं लाल कडधान्य.

"अगं, हे तर पुरण!" मी ओरडले. "हितं बी पुरण हाय आणि तू उकडलेली भाजी खातीस?"

पण पेटी? शेजारचं भांडं आपल्यात रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तरी चिमूटभर साखर टाकतात. मी पेटीत शेंगदाण्याचे लाडू भरून दिले. संध्याकाळी वाटी आली, तिच्यात खारवलेली आंबट फळं. एक तोंडात टाकलं आणि माझा डावा डोळा मिटला तो बराच वेळ उघडेना! वाटीतून मी शंकरपाळी पाठवली. मग ताट आलं. त्यात अख्खे मासे, टक्क डोळ्यांनी माझ्याकडं बघणारे. मी पडले माळकरी! मासे नंदाच्या नवऱ्यानं खाल्ले, पण ताट ते ताटच. थालीपीठं लावून धाडलं. मग परडीत एकच खरबूज आलं, इतकं निगुतीनं बांधलेलं की माझ्या लग्नातला शालूसुद्धा तसा बांधलेला नव्हता.

"आता थांबव!" नंदा ओरडली. "ह्यांच्यातही काही आलं की उलट काहीतरी द्यावंच लागतं. तू देतेस म्हणून ती देते."

"आणि ती देती म्हनून मी देते! मग तूच नेऊन दे की ही परडी रिकामी."

नंदा तरातरा दारापर्यंत गेली. थांबली. तशीच परत आली. "चिमूटभर साखर टाक गं आत," म्हणाली. इतकी वर्षं जपानात काढून सोनई काही तिच्या हातातून सुटली नव्हती.

पीठ संपलं म्हणून आम्ही दुकानात गेलो, तर समोर यामादाबाई! एक हात गुडघ्यावर, नजर मिठाईच्या फळीवर, चेहरा चिंतातुर. त्यांनी माझ्या हातातली पिठाची पिशवी बघितली आणि त्यांचा चेहरा आणखीच पडला. मग त्या नंदाशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. नंदाचा चेहरा बदलत गेला. झालं, म्हटलं, आली तक्रार! गेलं बिचारीचं घर!

"काय म्हनत्यात गं?"

"विचारतायत, तुमची मैत्रीण परत कधी जाणार?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि मी फोडणीची माफी मागितली," नंदा सांगू लागली. "तर म्हणाल्या, खिडकी लावली ती माझा खोकला ऐकून तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून. म्हणाल्या, तुमच्या घरातून कधी आवाज नाही, वास नाही. आत माणसं सुखात आहेत की नाहीत, काळजी वाटायची. त्या दिवशी वास आला आणि बरं वाटलं."

पिठाच्या पिशव्यांपुढं उभी राहून नंदा रडली. मीही रडले. त्रास नको म्हणून ही इतकी वर्षं जीव मुठीत धरून गप्प राहिली, आणि भिंतीपलीकडं ती म्हातारी कान लावून बसलेली!

"त्यांना जेवायलाच बोलव," मी डोळे पुसत म्हटलं. "म्हंजे भांडं जायला नको, यायला नको."

यामादाबाई आल्या. आमटी प्याल्या, तीही फुर्र आवाज करून! तिथं तसं पिणं म्हणजे जेवण आवडल्याची पावती. (ह्याच आवाजावरून मी आमच्या ह्यांना जन्मभर बोलत आले.) त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी पुन्हा आमटी मागितली. नंदानं खिडकी उघडली आणि मोठ्यानं हसली. तिचं शाळेतलं हसणं मला तिथं ऐकायला मिळालं.

निघताना टॅक्सी उभी, आणि यामादाबाईंनी माझ्या हातात गाठोडं कोंबलं. नको म्हणायला सवडच नाही. सोनईत येऊन सोडलं, तर आत निळ्या फुलांचा वाडगा, आणि वाडग्यात कागदाची इवलीशी पुडी. पुडीत चिमूटभर साखर! नंदानं सांगितलं असणार. साखर मी जिभेवर टाकली.

पण वाडगा तो वाडगाच! लाडू भरून पोस्टानं पाठवून दिला. नंदाचा फोन आला तेव्हा मागं फोडणी चरचरत होती. "यामादाबाई जेवायला यायच्यात," म्हणाली.

काल पोस्टमन आला. "मावशी, जपानवरनं कायतरी आलंय." खोकं उघडलं. आत वाळवलेली फळं, आणि ती ज्यात होती तो एक नवा कोरा वाडगा.

ह्यांनी वाडग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तरी सांगितलं हुतं, तिथं गप बस म्हनून."

मी गप बसले. चुलीवर शेंगदाणे भाजायला टाकले होते, बोलत बसले असते तर करपले असते.