मला फक्त पॅनल धुवायला शिकवलं

सरांनी बादली माझ्या पायाशी ठेवली. बाकीच्या पोरांच्या हातात मीटर दिले, पक्कड दिली. मला बादली आणि फडकं.

"तू पॅनल धू," सर म्हणाले. "तुम्हा लोकांच्या हाताला सवय असते."

रागावून नाही म्हणाले. कौतुकाने म्हणाले. तेच जास्त लागलं. माझी आई बाजारपेठ झाडते, हे प्रवेशाच्या वेळी मीच सांगितलं होतं. दोन पोरं हसली. मी बादली उचलली.

तालुक्याच्या कॉलेजात सौरपंप दुरुस्तीचा कोर्स निघाला होता. पहिल्या दिवशी मोठं भाषण झालं. ऊन वाढतंय, पावसाचा भरवसा उरला नाही, आता गावागावात आपली तयार माणसं लागतील. ऐकून अंगावर काटा आला. आमच्या बौद्ध वस्तीला नळ नाही. बोअरवर सौरपंप आहे. तो थांबला की वस्ती तहानलेली. तो तयार माणूस मीच होणार, असं मी मनाशी धरून बसले होते.

रोज सकाळी पॅनलच्या काचा तापायच्या आत मी कॉलेजच्या गच्चीवर. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते. एवढं शिकले. खाली वर्कशॉपमध्ये पोरं पंप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरची पेटी उघडायची तेव्हा मी वर असायचे. विचारलं की सर म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." तो आठवडा काही आला नाही. शेवटी हार, फोटो आणि प्रमाणपत्र. त्यावर छापलेलं, सौर तंत्रज्ञ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

वैशाखात वस्तीतला पंप बंद पडला. पंपाच्या कंपनीचा माणूस जालन्याहून यायचा होता, कधी ते कुणालाच माहीत नाही. शेजारच्या शांतामावशी मला हाताला धरूनच घेऊन गेल्या. मागे हंडे घेऊन सगळ्या बाया.

"जल्दी करू नको," मावशी म्हणाल्या. "बराबर बघ. तू शिकून आलीस."

मी पेटी उघडली. आत तांबडा दिवा लुकलुकत होता. तो काय सांगतोय ते मला कळेना. कुठल्या वायरीला हात लावायचा, कुठल्या नाही, तेही कळेना. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, विश्वासाने.

"मावशी, मला न्हाई येत."

"मंग एवढे दिवस काय करून राह्यल्ती तिथं?"

मी पेटीचं झाकण लावलं. सरांचं बोलणं लागलं नव्हतं इतकं ते वाक्य लागलं.

दुपारी सगळ्या पाटलांच्या मळ्यावर गेल्या. त्यांचा गडी म्हणाला, "पाइपाला हात लावू नका. आम्ही धरतो." माझी आई ओळीत उभी राहिली. मी तिच्या मागे. त्याच्या मनाला येईल तेवढं पाणी हंड्यात पडलं. आईने हंडा डोक्यावर घेतला. मीही घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. नवी बॅच बसली होती. सर मला बघून खूष झाले.

"बरं झालं आलीस. पाहुणे येणार आहेत. पॅनल धुवून दे."

"धुणार न्हाई सर. मला कंट्रोलर शिकवा."

"तुझा कोर्स झाला. सर्टिफिकेट दिलंय ना?"

"दिलं. शिकवलं न्हाई."

मी आत गेले आणि मीटर ठेवलेल्या टेबलाशी बसले. सरांनी शिपायाला बोलावलं. त्याने मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. पोरं बघत राहिली. एकही उठलं नाही.

तेव्हापासून रोज जाते. रोज बाहेर काढतात. वस्तीतला पंप कंपनीच्या माणसाने येऊन सुरू करून दिला, पण तो पुन्हा बंद पडेल. मला अजून काहीच येत नाही.

पण मला काम येत नाही, हे मी आता कुणापासून लपवणार नाही. आणि मला शिकवलं नाही, हे त्यांना लपवू देणार नाही.