बंधाऱ्यावरची चार हातांची बाई

मुलांनो, राक्षसिणीला रजा मंजूर करणारा माणूस सगळ्या कराड-मलकापुरात एकच निघेल, आणि तो आमच्या शेजारी राहतो. हे निवृत्त सुभेदार शिस्तीशिवाय काही करत नाहीत. दाढीची वेळ ठरलेली, तुळशीला पाणी तांब्याने मोजून, आणि वाचून झालेल्या पेपरची घडी अशी की तो पुन्हा दुकानात ठेवावा. त्यांची नात इथे इंजिनिअरिंगला आहे. दर रविवारी तिच्या तीन मैत्रिणी येतात आणि जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडतात. मांडतात म्हणजे काय, हे मला अजून उमगलेलं नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस बाजूंचा एक फासा आणि बाकी सगळं बोलणं; प्रत्येकीने एकेक पात्र व्हायचं, आणि घाव बसला की चुकला ते फासा ठरवणार. त्या गोष्टीत जगाचा नाश झालेला असतो, विषारी हवेने उरलेल्या माणसांची रूपं पालटलेली असतात, तरी मुली मध्येच चहा मागतात. मी नियम वहीत उतरवून घेतले. सातव्या नियमापाशी पहिला खोटा ठरला.

एकदा नातीने सुभेदारांकडून या खेळासाठी एक राक्षसीण करून मागितली. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून एक लढवय्यी बाई काढली. सात फूट उंच, अंगावर खवले, हात चार. एकात खुरपं, एकात कंदील, एकात भाला, चौथा रिकामा. ती बंधाऱ्यावर उभी राहून जगातलं शेवटचं पाणी राखते. शिवाय तिला रोजचा शिधा आणि वर्षाला दोन महिने रजा.

"ती रजेवर गेली की बंधारा कोण राखणार?" मी सुभेदारांना विचारलं.

"तीच. रजा घ्यायला तिला सवड कुठाय, बाई?"

हे कोणत्या नियमाखाली लिहावं ते मला कळेना.

पाणी मिळवायचं तर मुलींनी तिला मारायला हवं, आणि तिच्या बाजूने खेळणारे सुभेदार तिला मरू देईनात. घाव बसला की ते तिला मलमपट्टी करून पुन्हा उभी करत. "आबा, ही चीटिंग हाय," नात म्हणाली. पुढच्या रविवारी मलमपट्टीशिवाय शेवटची लढाई, असं ठरलं. त्या आठवड्यात सुभेदार दोनदा दाढी विसरले.

रविवारी त्यांच्या पत्नी खुर्चीत बसून ऐकत होत्या. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला आहे. सुभेदार सीमेवर होते तेव्हा ऊस, म्हशी, मुलं आणि पाण्याची पाळी त्यांनी एकटीने सांभाळली. राक्षसीण आता एका घावाची राहिली होती. सुभेदार कॅलेंडरवर तळहात ठेवून बसले होते.

"थांबा गं," त्या म्हणाल्या. "तिला पाणी मागितलं का कुणी?"

नातीने फासा खाली ठेवला.

"आजी, राक्षसीण हाय ती."

"असंल. चार हात हायती तिला, कान न्हाईत व्हय? मागा की. पाळी लावून देईल."

नातीने रीतसर पाणी मागितलं. सुभेदारांनी फासा पत्नीच्या डाव्या हातात ठेवला. त्यांनी टाकला तो टेबलावरून घरंगळत कपाटाखाली गेला. किती पडले ते कुणी वाकून बघितलं नाही.

"दिलं," त्या म्हणाल्या.

"मग जिंकलं कोण?" मी वही उघडून विचारलं.

"ती हाय अजून, बाई," सुभेदार म्हणाले.

राक्षसिणीचा चौथा हात रिकामा का, हेही मला विचारायचं होतं. पण ते पत्नीला बशीने चहा पाजत होते, आणि तो लुळा उजवा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर घेतला होता. मी वही मिटली.