सासूबाईंना खुनी ओळखू येतो

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक वाडगा, वाडग्यात बर्फाचा गोळा आणि गोळ्याच्या पोटात एक किल्ली. समोर लेखिकाबाई बसलेल्या, हातात पेन्सिल, गळ्याला मफलर. बर्फ वितळून किल्ली टणकन वाडग्यात पडायला किती वेळ लागतो, हे त्यांना बघायचं होतं. नव्या कादंबरीतल्या खुन्याची सगळी भिस्त त्या आवाजावर होती.

नवरा अंघोळ करून बाहेर आला.

“कपाटाची किल्ली पाहिलीस?”

बाईंनी पेन्सिल वाडग्याकडे केली. आठवडाभराच्या तापानं त्यांचा घसा पार बसला होता.

“माझे सगळे शर्ट आत आहेत.”

“मग बनियनवर बस,” सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. “सुट्टीच तर आहे. विषाचं पुस्तक चाललं होतं तेव्हा हिच्या हातचा चहा मुकाट्यानं पीत होतास ना? मग किल्लीचं काय घेऊन बसलास?”

बाई रहस्यकादंबऱ्या लिहितात, पण घाबरवणाऱ्या नव्हेत. त्यांच्या पुस्तकात खून होतो आणि रक्ताचा थेंब दिसत नाही. प्रेत सापडलं की माणसं आधी चहा टाकतात, मग पोलिसांना कळवतात. पूर्वी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. आता रोज पहाटे इथे, याच टेबलाशी लिहितात. लिहायला वेगळी खोली करून पाहिली, पण तिथे त्यांना कुणीतरी मुलाखत घ्यायला बसवल्यासारखं वाटे. गल्लीत त्यांचा दरारा नाही, उलट पुस्तकात मरायला मिळावं म्हणून लोकांची त्यांच्याकडे वशिलेबाजी चालते. मागच्या पुस्तकात त्यांनी शिंप्याला मारलं, तेव्हापासून खालचा बेकरीवाला रुसला आहे. “वहिनी, आमचा नंबर कधी?” असं तो पाव बांधताना न चुकता विचारतो.

बाईंचा एक नियम आहे. हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं. सासूबाईंनी खुनी सांगायचा. त्या ओळखतील तर पुस्तक कच्चं, खुनी बदलायचा. आतापर्यंतच्या आठही पुस्तकांत सासूबाईंनी तो बिनचूक ओळखला होता. आठही वेळा बाईंनी दुसरा खुनी केला आणि पुस्तक महिनाभर लांबलं. पहिल्या खुन्याच्या काही हालचाली मात्र मजकुरात तशाच राहून जात, त्यामुळे प्रत्येक पुस्तकात एक निरपराध माणूस विनाकारण संशयास्पद वागताना दिसे. वाचक त्याच माणसावर खूश असतात. पत्रं येतात ती त्याच्याबद्दलच.

या वेळी मात्र महिना मिळणार नव्हता. संपादिकेनं कालच फोनवर सांगितलं होतं, “परवा संध्याकाळपर्यंत पार्सल हातात आलं तर यंदाच्या यादीत. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

सासूबाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका. गणितापेक्षा त्यांचं नाव झालं ते परीक्षेच्या वर्गावरच्या पहाऱ्यामुळे. त्यांच्या वर्गात कॉपी करून कुणी सुटलं नाही. कुणी गुपित विचारलं की म्हणत, “पेपराकडे बघायचंच नाही. डोळ्यांकडे बघायचं.”

आठवडाभर बाई अंथरुणात होत्या आणि वाचायचं काम नवऱ्याकडे आलं होतं. तो विमा कंपनीत आहे. प्रेमपत्र असो की धमकी, तो पॉलिसीच्या अटी वाचाव्यात तसं वाचतो. सासूबाई वैतागल्या होत्या. “यंदा काही सुचत नाही बाई,” असं त्या रोज पुटपुटत आणि बाई पांघरुणात खूश होत.

दुपारी शेवटचं वाचन होतं. शर्ट घातलेला नवरा कागद घेऊन बसला. बाई मिठाच्या गुळण्या करायला उठल्या.

“थांब,” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “ती येऊ दे.”

“आई, तिनंच लिहिलंय. पुढे काय होतं ते तिला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणूनच येऊ दे. आणि तिला माझ्यासमोर बसव.”

तोंडात पाणी तसंच धरून बाई थबकल्या. खुन्याचे संवाद त्या सगळ्यात जास्त वेळा खोडून लिहीत, म्हणून ते पाठ झालेले असत. पाठ असलेलं वाचायला कागद कशाला लागतो? ते संवाद आले की त्यांची मान वर होई आणि चष्म्यावरून सासूबाईंकडे नजर जाई: कळलं का यांना? इतकी वर्षं त्या चूक मजकुरात शोधत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यांनी चूळ टाकली, बाहेर येऊन अगदी समोरची खुर्ची घेतली आणि चष्मा नाकावर खाली ओढला. नवरा वाचू लागला. कादंबरीतली फुलवाली बोलली की बाई मान वर करून सासूबाईंकडे बघत. ग्रंथपाल बोलला की मफलरचे धागे काढत.

शेवटच्या प्रकरणाआधी नवरा थांबला.

“फुलवाली,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “यात विचारायचं काय?”

नवऱ्यानं पानं उलटली. “ग्रंथपाल आहे, आई.”

सासूबाई सुनेकडे वळल्या. “मला फसवलंस तू.”

“मी एक अक्षर बोलले नाही, आई,” बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“बोलली असतीस तर बरं झालं असतं. ते फुलवालीचं नाव आलं की टकामका बघणं कशासाठी होतं?”

“म्हणजे तुम्ही पुस्तक ऐकतच नव्हता?”

“ऐकते की. पण पुस्तकावरून मला आजवर एकदाही ओळखता आलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तुझ्या तर चेहऱ्यावर पडतं.”

“मग आठ वेळा मी खुनी उगाच बदलला?”

“उगाच कसा? तू वगळलेला तो पहिला खुनीच तर लोकांना आवडतो. माझे उपकार मान.”

नवरा इतका हसला की कागद खाली सांडले. ते गोळा करताना पृष्ठक्रमांक असल्याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले. बाईंनाही हसू फुटलं, पण घशातून निघाली ती नुसती शिट्टी. त्यावर सासूबाई हसल्या.

मग बाईंनी हस्तलिखित पुढे ओढलं. या पुस्तकात तसा विनाकारण संशयास्पद वागणारा माणूस नव्हता. खुनी पहिल्यांदाच जागच्या जागी राहिला होता. त्यांनी पेन्सिल उचलली आणि दोन ठिकाणी समासात एकेक ओळ लिहिली: फुलवालीनं मान वर केली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

“फुलवालीला चष्मा होता?” नवऱ्यानं विचारलं.

“आता आहे.”

दिवेलागणीला हस्तलिखित खोक्यात गेलं. सासूबाईंनी दोरी आवळली आणि गाठीवर बोट धरून ठेवलं, नवऱ्यानं पत्ता घातला. खोकं दाराशी त्याच्या ऑफिसच्या बॅगेवर ठेवलं आहे, म्हणजे विसरायची सोय नाही. बेकरीशेजारचं कुरियरचं दुकान उद्या सकाळी साडेनऊला उघडतं.